स्पेनमधलं हेर्तेचं खोरं : पळण्याच्या वाटा

डोंगरधाव

माद्रिदहून शनिवार-रविवार पळायला कुठे जावं, असं इथे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तर बहुतेक वेळा माद्रिदजवळच्या ग्वादार्रामा डोंगररांगेचं मिळतं. ग्वादार्रामा सुंदरच आहे, पण मला सवड मिळाली की मी अडीचशे किलोमीटर पश्चिमेला हेर्ते नदीच्या खोऱ्यात जातो. तिथल्या वाटांबद्दल मराठीत एका जागी काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी भूगोल, कारण तो डोक्यात बसला की वाट निवडणं सोपं जातं. हेर्ते नदी पश्चिम स्पेनमधल्या एस्त्रेमादुरा प्रांताच्या ईशान्य टोकाला उगम पावते आणि जवळजवळ सरळ रेषेत नैर्ऋत्येला प्लासेन्सिया शहरापर्यंत येते. पुढे ती आलागोनला मिळते आणि आलागोन ताहोला. खोरं इतकं सरळ आहे ते जमिनीतल्या भेगेमुळे. पोर्तुगालमधून येणारा पाचशे किलोमीटरहून लांब प्रस्तरभंग इथून जातो आणि नदीने तीच रेघ धरली आहे. वरच्या टोकाला तोर्नावाकासची खिंड आहे, उंची १,२७५ मीटर. खाली प्लासेन्सिया चारशेच्या आसपास. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि वरच्या भागात तर दोन हजारांच्या पुढची शिखरं.

तळातून एन-११० हा हमरस्ता जातो. पहिल्यांदा येणारे त्यावर किंवा त्याच्या कडेकडेने पळतात. मला ते पटत नाही. रस्त्याला पळण्याजोगी कड नाही, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींची रांग असते आणि खरं खोरं दिसतच नाही. हे खोरं उतारावरून पळायचं आहे, आणि कुठल्या उतारावरून ते महिना आणि घड्याळ ठरवतं.

नदीच्या डाव्या बाजूचे डोंगर, म्हणजे वाल्दास्तियास, काब्रेरो, प्योर्नाल ही गावं जिथे आहेत ते, वायव्येकडे तोंड करून उभे आहेत. तिथे सकाळी उशिरापर्यंत सावली असते. उजव्या बाजूला एल तोर्नो आणि रेबोयार. तिथे ऊन आधी येतं. त्यामुळे जुलैत सकाळी प्योर्नालची बाजू धरायची आणि जानेवारीत एल तोर्नोची. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे, हेही लक्षात ठेवा. जुलै अखेरीस इथे सातला जेमतेम उजाडतं आणि संध्याकाळी साडेनऊला अजून उजेड असतो. दुपारचे तीन ते सात हा सगळ्यात तापलेला काळ. आपल्याकडची 'बारा वाजेपर्यंत आटपू'ची सवय इथे चालून जाते, पण 'संध्याकाळी पाचला निघू' ही सवय अंगाशी येईल.

आता माझ्या आवडीच्या वाटा.

वाल्दास्तियास ते प्योर्नाल. चढ साधारण पाचशे मीटर. गाव सोडलं की लगेच चेरीच्या ताली सुरू होतात. चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध, एकावर एक, डोंगराच्या अंगाने वर चढत गेलेले. वाट दोन बांधांच्या मधून जाते आणि कधीकाळी खेचरांसाठी केलेली असल्यामुळे जागोजागी फरसबंदी आहे. बांधाला लागून पाण्याचे पाट. एप्रिलमध्ये त्यांत इतकं पाणी असतं की आवाजावरूनच पुढे ओढा आहे हे कळतं. वाटेच्या जवळच काओसोचा धबधबा आहे, तो चुकवू नका. त्याच्या वर चेस्टनट आणि मग ओक. झाडोरा बदलला की उंची बदलली हे घड्याळ न बघता समजतं. प्योर्नाल १,१७५ मीटरवर, एस्त्रेमादुरातलं सगळ्यात उंच गाव. वर पोचलात की चौकातल्या बारमध्ये टोमॅटो चोळलेला टोस्ट आणि कॉफी घ्या, मग त्याच वाटेने खाली. उतारात फरसबंदीवर पाय जपा.

लोस पिलोनेस. काबेसुएला आणि हेर्ते या गावांच्या मधे 'गार्गांता दे लोस इन्फिएर्नोस' (गार्गांता म्हणजे ओढ्याची घळ) या राखीव निसर्गक्षेत्राचं माहिती केंद्र आहे. १९९४ पासून हा भाग संरक्षित आहे. केंद्रापासून पिलोनेस साधारण तीन किलोमीटर, वाट ठळक. ओढ्याने ग्रॅनाइटमध्ये गोल खळगे कोरले आहेत, एकातून दुसऱ्यात पाणी ओतत जातं. आपल्या निघोजला कुकडीने बेसॉल्टमध्ये केलेले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत, त्यांना घडण लगेच ओळखू येईल : भोवऱ्यात अडकलेले गोटे खडक घासत राहतात. इथला खडक मात्र फिकट राखाडी आहे आणि पाणी बर्फाचं. तिथवर जाऊन परत येणं ही सोपी धाव झाली. पुढे वरच्या पुलांपर्यंत चढून वळसा घेऊन आलात तर पंधरा-सोळा किलोमीटर होतात, आणि मला विचाराल तर एका दिवसात एकच पळायचं असेल तर हेच पळा.

तिसरी वाट सम्राट कार्लोसची. तिच्यावर वेगळा प्रतिसाद लिहितो, ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही.

सदाफुली

छान धागा! आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन येतोय, खास चेरीच्या बहरासाठी. मी सकाळी दहा-बारा किमी पळेन, ते दोघं तोवर हळूहळू फिरतील. बहर नक्की कधी असतो? आणि राहायला कुठलं गाव?

डोंगरधाव

बहराची तारीख कुणीच आधी सांगू शकत नाही. मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य धरून चला. हिवाळा किती थंड गेला, मार्चमध्ये किती ऊन पडलं यावर सगळं अवलंबून. एका जागचा बहर दहा दिवसांच्या आसपास टिकतो, वारा-पाऊस आला तर त्याहून कमी. पण खोऱ्याला उंची आहे हीच मेख आहे : बहर खालून वर चढत जातो. तळाच्या बागा पांढऱ्या होतात तेव्हा प्योर्नालच्या आणि तोर्नावाकासच्या वरच्या बागा कळ्यांत असतात. त्यामुळे तुमचे दिवस थोडे मागेपुढे झाले तरी कुठल्या ना कुठल्या उंचीवर बहर सापडतोच. तुम्ही पळणार आहात, म्हणजे एका सकाळीत तिन्ही अवस्था बघू शकाल.

आई-बाबांसाठी काबेसुएला देल व्हाये. जुनं गाव शाबूत आहे : लाकडी कैच्यांच्या मातीच्या भिंती, गल्लीवर पुढे झुकलेले वरचे मजले. नदी गावाला लागून वाहते, सपाट चालता येतं, चेरीचं छोटं संग्रहालयही आहे. खोली मात्र आत्ताच धरा, बहराच्या शनिवार-रविवारी सगळं भरलेलं असतं. आणि त्या दोन दिवसांत गाडी काढूच नका. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा.

खडकमाळ

पुण्यात सिंहगड आणि साताऱ्यात यवतेश्वरचा घाट, एवढाच माझा डोंगराचा सराव. सातारा हिल मॅरेथॉन दोनदा केली आहे. पण ती डांबरी रस्त्यावर. इथल्या खडकाला कुठले शूज?

डोंगरधाव

कोरडा ग्रॅनाइट फार विश्वासू आहे. खरखरीत कणांमुळे पाय जिथे टेकाल तिथे धरतो. आपल्या काळ्या कातळापेक्षाही जास्त, असं मी म्हणेन. पण तोच ओढ्याच्या काठी, सतत पाण्याने घासलेला असेल तर पार उलट. पिलोनेसच्या खळग्यांच्या कडा अशाच आहेत. फोटोसाठी तिथे पळत जाऊ नका, बसून सरका. फरसबंदीवर शेवाळ आणि ऑक्टोबरनंतर ओली पानं. मऊ रबराचा तळ आणि मध्यम खाचा असलेले ट्रेल शूज पुरतात. चिखलासाठीच्या खोल खाचा दगडावर टोचतात.

पोटरी

फिजिओ म्हणून एक भर घालते. घाटावर सराव करणारे चढाची चिंता करतात, दुखणं मात्र उताराने येतं. प्योर्नालहून पाचशे मीटर खाली येताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत भार धरतात, आणि त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. खडकमाळ, सिंहगड चढून गाडीने खाली येत असाल तर ते बंद करा. महिना-दीड महिना आधीपासून आठवड्यातून एकदा पूर्ण उतार पळत उतरा, हळू, लहान पावलं टाकत. पहिल्या दोन वेळा दुखेल, मग नाही. काठ्या नेणार असाल तर त्याही आधी वापरून बघा.

खडकमाळ

धन्यवाद ताई, गाडीनेच येत होतो. या रविवारपासून पायी.

डोंगरधाव

कबूल केल्याप्रमाणे कार्लोसची वाट.

सम्राट पाचवा कार्लोस, ज्याच्या राज्यात निम्मा युरोप आणि अमेरिकेतला अफाट मुलूख होता, सगळं मुलाच्या आणि भावाच्या हवाली करून १५५६ साली स्पेनला परतला. वय ५६, गाउटने पाय निकामी झालेले. त्याला युस्तेच्या मठात शेवटचे दिवस काढायचे होते. मठ डोंगराच्या पलीकडे, ला वेरा या भागात. प्लासेन्सियावरून सोपा पण लांबचा रस्ता होता. त्याने तो नाकारला आणि नोव्हेंबरमध्ये तोर्नावाकासहून सरळ डोंगर ओलांडला. घोड्यावर बसणं त्याला शक्य नव्हतं, माणसांनी त्याला उचलून खांद्यावरून नेला. एका दिवसात ते हारांदियाच्या किल्ल्यात पोचले. मठातली जागा तयार होईपर्यंत तो तिथेच राहिला, फेब्रुवारी १५५७ मध्ये युस्तेला गेला आणि २१ सप्टेंबर १५५८ ला तिथे वारला.

आज ती वाट खुणा केलेली पदवाट आहे. तोर्नावाकास ते हारांदिया साधारण २८ किलोमीटर. तोर्नावाकासहून चढायचं, मग गार्गांतेत उतरून पुलावरून ओढा ओलांडायचा, आणि तिथून मोठा चढ कोयादो दे लास येगुआसपर्यंत. ती खिंड जवळजवळ १,४८० मीटरवर आहे. खिंडीत झाडं संपतात आणि पिवळ्या फुलांची पियोर्नोची झुडपं लागतात. मागे हेर्तेचं अख्खं खोरं, पुढे ला वेरा आणि त्याच्या पलीकडे ताहोचं मैदान. तिथून नऊशे मीटरची उतरण. मी इथे पळताना दर वेळी त्या भोयांचा विचार करतो. पाठीवर दीड लिटर पाणी घेऊन मला जो चढ जड जातो, तो त्यांनी नोव्हेंबरच्या थंडीत माणूस खांद्यावर घेऊन पार केला. सम्राटाचं नाव वाटेला मिळालं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला ही वाट त्यांची वाटते.

वाटसरू

मी व्हायादोलिदला असते. ही वाट मी केली आहे आणि डोंगरधाव यांच्याशी एका बाबतीत असहमत आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने हारांदियापर्यंत जाऊच नये. परतायची सोय नाही. पलीकडून रस्त्याने यायचं तर प्लासेन्सियाचा वळसा किंवा गार्गांता ला ओया या गावाहून प्योर्नालचा घाट, दोन्ही लांब. त्यापेक्षा तोर्नावाकासहून निघून गार्गांतेतल्या पुलापर्यंत जावं आणि परत यावं. वाटेचा सगळ्यात देखणा भाग अलीकडेच आहे असं माझं मत.

डोंगरधाव

सोयीबद्दल बरोबर बोललात. पूर्ण वाट करायची तर हारांदियाहून टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवावी, किंवा दोघा-तिघांनी दोन गाड्या वापराव्यात. पण खिंडीपर्यंत न जाता परतणं मला मान्य नाही. डोंगर कुठून कुठे ओलांडला हे खिंडीतच कळतं. पुलापर्यंत आलात, पायांत दम आहे आणि घड्याळात वेळ आहे, तर वर जा आणि मग मागे फिरा.

वाटसरू

हा मधला मार्ग चालेल. :)

दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. एक, शिकार. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रानडुकरांच्या हाक्याचा हंगाम असतो, मुख्यत्वे शनिवार-रविवारी. वाटेच्या तोंडाशी पाट्या लावतात, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं आणि गाड्या दिसतात. पाटी दिसली की मागे फिरायचं, वाद घालायचा नाही. भडक रंगाचे कपडे घालायचेच. दोन, मास्तीन कुत्री. गुरांबरोबर राखणीला असतात, अंगाने वासराएवढी. ती तुमच्या मागे लागत नाहीत, तुमच्यात आणि कळपात उभी राहतात. पळत जवळ गेलात की भुंकत पुढे येतात. लांबूनच पळणं थांबवा, चालायला लागा, कळपाला मोठा वळसा घाला, कुत्र्याच्या डोळ्यांत बघू नका. गुराखी असेल तर हात वर करून 'बुएनोस दियास' म्हणा. एवढं पुरतं.

सदाफुली

बापरे. वडाच्या पूजेला गेलं तरी कुत्र्यांना घाबरणारी मी. बहराच्या दिवसांत बागांमध्ये असतात का ती?

वाटसरू

बागांमध्ये नाही, वरच्या कुरणांत. दहा-बारा किमी तालींमधून पळणार असाल तर काळजी नको.

मीठभाकर

मी जूनमध्ये जाणार आहे. चेरी खायला मिळतील ना वाटेत?

डोंगरधाव

विकत घेऊन पोटभर खा, झाडाची एकही तोडू नका. हे जरा ठासून लिहितो. वाटा बागांना लागून जातात, फांद्या अंगावर येतात, मोह होतो. पण ही गावं वर्षाचं पोट या सहा-आठ आठवड्यांवर भरतात. ताली इतक्या अरुंद की यंत्र जात नाही, एकेक फळ हाताने तोडलं जातं. पिकायच्या वेळी पाऊस पडला तर फळ तडकतं आणि सगळं जातं. आपल्याकडे मोहोरावर अवकाळी पडला की आंबेवाल्याची काय गत होते हे आपल्याला सांगायला नको.

हंगाम मे ते जुलै. 'पिकोता' हा इथला खास गट उशिरा येतो, जूनच्या मध्यापासून. तोडताना देठ झाडावरच राहतं आणि फळ तसंच बाजारात येतं. 'सेरेसा देल हेर्ते' हे भौगोलिक नाव पिकोता आणि नावालिंदा या जातीला आहे. गावातल्या सहकारी संस्थांच्या दुकानात किंवा रस्त्याकडेला शेतकऱ्याकडून घ्या. तोडणीच्या दिवसांत सकाळी अरुंद वाटांवर ट्रॅक्टर आणि क्रेट घेतलेली माणसं असतात. त्यांना वाट द्या, थांबा, नमस्कार करा. पळणाऱ्याने थांबायचं, ओझं वाहणाऱ्याने नाही.

मीठभाकर

लक्षात ठेवेन. पाणी वाटेत भरता येतं का?

डोंगरधाव

प्रत्येक गावात कारंजं असतं, बहुतेकांना वर्षभर पाणी. 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर पिऊ नका. 'सिन त्रातार' किंवा 'नो त्रातादा' म्हणजे जंतुनाशक घातलेलं नाही. गावकरी पितात, तुम्ही तुमच्या पोटाचा विचार करून ठरवा. ओढ्याचं पाणी गाळणी असल्याशिवाय नको, वर गुरं चरतात. जूनमध्ये दोन गावांमधल्या टप्प्यालाही दीड लिटर ठेवा. दुकानं दोन ते पाच बंद असतात, तेव्हा 'खाली उतरून काहीतरी घेऊ' या भरवशावर राहू नका.

कृष्णाकाठ

एल तोर्नोच्या बाजूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी गेल्या हिवाळ्यात तिथे होतो. गावाबाहेर मिरादोर दे ला मेमोरिया, म्हणजे 'स्मृतीचं निरीक्षणस्थळ' आहे. खोऱ्याकडे बघत उभे असलेले चार नग्न मानवी पुतळे, स्पेनच्या यादवी युद्धात आणि हुकूमशहा फ्रँकोच्या काळात विसरल्या गेलेल्यांसाठी. २००९ मध्ये बसवले आणि काही दिवसांतच कुणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शिल्पकार फ्रान्सिस्को सेदेनिया यांनी ती भोकं बुजवली नाहीत, आता काम पूर्ण झालं असं मानून तशीच ठेवली. जवळ जाऊन बघितलं तर बोट जाईल एवढी भोकं दिसतात. मी पळत आलो होतो, पुढे बराच वेळ पळावंसं वाटलं नाही. तिथून रेबोयारकडे गेलात तर घरं थेट प्रचंड ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर बांधलेली दिसतील. धोंडा हाच पाया.

वाटसरू

त्या बाजूला जाणाऱ्यांनी वणव्याचं लक्षात घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये हारियाची आग लागली, सतरा हजार हेक्टरच्या वर जळालं. हेर्ते आणि आंब्रोस या दोन खोऱ्यांच्या मधली रांग त्यात सापडली. जळलेल्या उतारावर पहिले काही पावसाळे सगळ्यात वाईट : मुळं मेलेली असल्यामुळे माती धरून ठेवायला काही नसतं, दगड सुटतात, उभी जळकी झाडं वाऱ्यात पडतात. रंगवलेल्या खुणाही अशा ठिकाणी नाहीशा होतात. वरच्या रांगेवर जाण्याआधी गावच्या पालिकेत विचारा, कुठली वाट खुली आहे ते सांगतात.

डोंगरधाव

हे फार महत्त्वाचं. आणि उन्हाळ्यात आगीच्या धोक्याची पातळी रोज बघा, वाटा त्यानुसार बंद होतात.

खडकमाळ

खुणा निघाल्याच आहेत तर : रंगांचा अर्थ काय?

वाटसरू

पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पांढरा-पिवळा मध्यम, पांढरा-हिरवा गावाभोवतीची छोटी. दोन रेघा समांतर म्हणजे सरळ, वळलेल्या म्हणजे वळण, फुली म्हणजे इकडे नाही. फुली पळताना हमखास नजरेतून सुटते. पाच मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

डोंगरधाव

आणि स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे १:२५,००० नकाशे फुकट उतरवता येतात. ते फोनवर आधीच घेऊन ठेवा, गार्गांतेत रेंज जाते. मदतीसाठी ११२.

सदाफुली

एकच शेवटचं. आई-बाबांना पिलोनेस झेपेल का? वय ६८ आणि ७२, पर्वती रोज चढतात.

डोंगरधाव

पर्वती रोज चढणाऱ्यांना नक्की झेपेल. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, चढ सलग आहे पण वाट रुंद, आणि ओकची सावली. सकाळी नऊला माहिती केंद्रापासून निघू द्या, काठी असू द्या, खळग्यांच्या ओल्या कडेला जाऊ देऊ नका. तुम्ही वरच्या पुलांचा वळसा घेऊन पिलोनेसलाच त्यांना गाठा. ते निघण्याआधी तासभर तुम्ही सुटलात तर वेळ बरोबर जुळते.